सगळे जेवून उठल्यावर

५ एप्रिल

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. वाकून करतेय, पण अर्ध्यावरच थांबलेय. त्याच्या खाली जायला गुडघे नाही म्हणतात.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं "काय? काय?" करता आणि शेवटी "बरं, ठेव आता" म्हणून मोकळ्या होता. तेव्हा पत्रच बरं. वाचायला चष्मा लागतो, कान लागत नाहीत.

मी कुठे बसून लिहितेय सांगू? खिडकीखाली बंदर आहे. बोटी डुलतायत, पक्षी ओरडतायत आणि डावीकडे टेकडीवर तो घड्याळाचा मनोरा. आलं लक्षात? आपल्या बटणांच्या कारखान्यासाठी यंत्रं बघायला दोघे भाऊ प्रदर्शनाला निघाले आणि सासूबाईंनी "मग आम्ही काय घरी बसून बटणं निवडायची?" म्हणून सगळ्या घराला बरोबर काढलं, तेच हे गाव. चिमीला आणि जावयांना महिनाभराची सुट्टी होती. "आई, तू म्हणशील तिकडे जाऊ," असं लेकीने म्हटल्यावर मी दुसरं कुठलं नाव घेणार?

मनोऱ्यावर जायला आता लिफ्ट झाली आहे. तेव्हा सासूबाई निम्म्या पायऱ्या चढून बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "वर काय, घड्याळच ना? ते खालूनही दिसतं." की आपण सगळे मुकाट खाली. परवा मी वर जाऊन आले. जाऊबाई, वरून सगळं गाव दिसतं. कौलं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, पार लांबवर दिवा असलेला तो खडक. बघताना मी उगाच मागे वळून पाहत होते, कुणी रागावतंय की काय म्हणून.

आणि ती खानावळ! धक्क्याच्या कोपऱ्यावरची. अजून आहे. मालक बदलले, हिरवं दार निळं झालं, पण टेबलं जिथल्या तिथे. चिमीला मी तिथली आपली गोष्ट सांगितली तर तिला खरंच वाटेना. "म्हणजे हॉटेलातसुद्धा?" म्हणाली. म्हटलं, हॉटेलातसुद्धा. आधी पुरुष, मग सासूबाई, मग आपण दोघी, हा घरचा शिरस्ता. तो काय परदेशात गेलं म्हणून बदलतो? पुरुषांचं बाहेर लौकर आटपायचं म्हणून सासूबाई त्यांच्याबरोबर बसायच्या, आणि आपण शेजारच्या टेबलावर मांडीवर पिशव्या घेऊन. ती चौकटीच्या एप्रनवाली वाढपीण रोज येऊन विचारायची, तुम्ही रोज नाही म्हणून मान हलवायचात. मंडळी उठली की आपण त्यांच्या टेबलाकडे सरकणार, तोवर ती बाई झटक्यात सगळं उचलून आत न्यायची. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या थांबेल. आठवडाभर तेच! मग खोलीवर जाऊन डब्यातला कोरडा खाऊ. चिमी इतकी हसली की ठसका लागला, आणि मग हसायची एकदम थांबली. "आणि कुणी काही बोललं नाही?" कोण बोलणार? दोघे भाऊ यंत्रांच्या तंद्रीत, सासूबाईंना वाटायचं आपण मागाहून जेवतो, आणि आपल्याला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं.

तिथे इतरांच्या टेबलावर ते झाकणाचं मातीचं भांडं यायचं, आठवतं? झाकण उचललं की वाफ थेट आपल्या तोंडावर. मासे, लोणी आणि कसलातरी पाला. घरी परत आल्यावर तुम्ही त्या सुपाची चव गावभर सांगत सुटलात. शेजारणींना, कारखान्यातल्या बायकांना, माझ्या माहेरच्यांनासुद्धा. मी ऐकत होते आणि अळीमिळी गुपचिळी.

काल मी ते मागवलं. खुर्चीवर बसले, झाकण काढलं, खाल्लं. कसं होतं ते मात्र लिहिणार नाही. मागच्या वर्षी काढलेला तुमचा व्हिसा अजून शाबूत आहे. तेव्हा गुडघ्याचं निमित्त केलंत. आता या, आणि इतकी वर्षं सांगत होतात ती चव बरोबर होती का, ते स्वतःच बघा.

धाकटी

१८ एप्रिल

धाकटे,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. आधी आशीर्वाद घे, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळी.

मी चव खोटी सांगितली नव्हती. एकदा शेजारचे लोक उठून गेले तेव्हा त्या भांड्याच्या काठाला थोडं लागून राहिलं होतं, ते मी बोटाने चाटलं. तू तेव्हा बोटी बघत होतीस, नेहमीसारखी. आता "अगंबाई, परक्यांचं उष्टं?" म्हणशील. हो, उष्टं. भूक काही विचारून लागत नाही.

तू मनोऱ्याचं लिहिलंस, मला तो बेकरीवाला आठवतो. चौकातला. पहाटेचा पाव भट्टीतून काढून फळ्यांवर मांडायचा. तुझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तू काचेला नाक लावून उभी राहिलीस आणि काचेवर नाकाचा ठसा उमटला. मी तुला दंडाला धरून ओढलं, कारण पुढे सासूबाई होत्या. मग खोलीवर रात्री त्याच नाकाचं निमित्त होऊन आपण दोघी उशीत तोंड खुपसून हसलो होतो. भिंतीपलीकडे सासूबाई खोकल्या की गप्प, की पुन्हा सुरू. तसं हसणं नंतर कधी झालं नाही. मुलं झाली, सासूबाई गेल्या, भावांनी कारखाना वाटला आणि घरात भिंत घातली. तुझी चूल तिकडे, माझी इकडे. आता तर दोघे भाऊही नाहीत. भिंत मात्र आहे, तिला काय होतंय.

यायचं म्हणशील तर जमणार नाही. दातांचं काम निघालं आहे. दातांचा डॉक्टर मागे लागला आहे आणि आमचे चिरंजीव त्याच्याही पुढे.

तेव्हा जास्त ताणू नकोस. ते सूप कसं होतं नीट लिहून पाठव. खारट किती, आंबट किती, पातळ की घट्ट, जिभेला आधी काय लागतं आणि मागाहून काय राहतं. सगळं लिही आणि लौकर लिही. येत्या टपालाने लिही.

तुझी
थोरली

२ मे

जाऊबाई, नमस्कार.

आम्ही चिमीच्या घरी परत आलो. आगगाडीत दिवसभर खिडकीपाशी बसून तुमचंच पत्र तीनदा वाचलं. हसले आणि मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

दात! दात तर मी गेल्या वर्षीच सगळे नवे बसवून घेतले, काही होत नाही. आणि मला सांगा, सूप प्यायला दात कशाला लागतात? काढून टाका आणि बोळक्या तोंडाने या. खरं सांगू का, दात हे निमित्त आहे. माझ्याकडे येऊन जेवायचं म्हटलं की दर वेळी तुमचं काहीतरी निघतं. भिंतीच्या पलीकडे होते तेव्हा उपास निघायचा, मग गुडघा निघाला, आता दात. धाकटीच्या हातचं थोरलीने बसून खायचं म्हणजे थोरलेपणाला धक्का. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. लिहायला नको होतं, पण लिहून गेले. खोडलं तर खाली काय होतं ते वाचायला तुम्ही कागद उजेडात धराल, म्हणून तसंच राहू दे.

बेकरी बघितली. तो म्हातारा कधीच गेला असणार, आता एक तरुण बाई बसते. मी आत जाऊन गरम पाव घेतला आणि रस्त्यातून चालता चालता खाल्ला. चालता चालता! लोकांसमोर! वरचं कवच कुरकुरीत, आत नुसता कापूस. अर्धा खाऊन झाल्यावर कळलं की उरलेला अर्धा मी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आहे. कुणासाठी, ते माझं मलाच माहीत नाही. चिमीने विचारलं तर म्हटलं, पोट भरलं.

दिव्याच्या खडकावर बोटीने जाऊन आलो. तेव्हा बोट बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाण्यात बुडायला पैसे कोण देतं?" मला ओकारी झाली, पण गेले ते गेले. तिथे एका टपरीवर कोळ्याची बायको लोखंडी तव्यावर ताजे मासे भाजून कागदावर देते. काटे काढायचे आणि बोटं चाटायची. मिठाखेरीज त्याला काही लावलेलं नव्हतं आणि तरी मी दुसरा मागितला. बाजारात एक फळ घेतलं, बाहेरून काटेरी, आतून लोण्यासारखं. जावयांनी नाक दाबलं आणि मी संपवलं.

हे सगळं सविस्तर लिहिते. त्या सुपाचं मात्र ताकास तूर लावणार नाही. पाहिजे तर या.

रागावलेली
धाकटी

१४ मे

धाकटे,

रागाचं पत्र चांगलं लिहितेस. सरळ अक्षर येतं.

दातांचं नाही. माझ्या जिभेच्या कडेला गाठ आहे. तपासली, वाईट निघाली. लहान आहे, वेळेवर सापडली, असं डॉक्टर म्हणतात. जूनच्या शेवटी कापून काढणार, आणि मग किरणांचा शेक देणार, तो बरेच दिवस चालेल. जीव वाचेल म्हणतात. चव मात्र जाईल. पुढे कधी येईल, कदाचित यायचीही नाही. तो डॉक्टर पोरगेलासा आहे, मला सांगताना खाली बघत होता. मी म्हटलं, "बाबा, वर बघून सांग. मला ऐकायला कमी येतं, तोंड बघावं लागतं." तेव्हा वर बघून पुन्हा सगळं सांगितलं.

तुला कळवायचं नव्हतं. लेकीकडे जन्मात एकदा गेली आहेस, मजेत खाते-पिते आहेस, तिथे हे कशाला. चिरंजीवांनाही सांगितलं होतं की काकूला पत्ता लागू देऊ नकोस.

घाबरलेय का विचारशील, म्हणून आधीच सांगते. घाबरलेय. मरणाची एवढी नाही. पण जन्मभर मी एकच काम केलं, रोज चमचाभर तळहातावर घेऊन चाखायचं आणि घरादाराला काय कमी आहे ते घालायचं. ते जाणार म्हटल्यावर मी कोण उरते, मला समजत नाही. डॉक्टर म्हणाले, तोवर हवं ते खाऊन घ्या. सूनबाई बिचारी रोज विचारते, आज काय करू? मला काही सुचत नाही. एक सुचतं, ते तुझ्याजवळ आहे आणि तू हट्टाला पेटली आहेस.

तेव्हा आता ताणू नकोस. त्या झाकणाखाली काय होतं ते लिही. ऑपरेशनच्या आधी मी ते रोज वाचीन.

थोरली

२५ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसले ती चिमी कामावरून येईपर्यंत. मागच्या पत्रात मी काय काय लिहिलं ते आठवून अंगावर काटा येतो. पण माफी मागत नाही, तुम्हाला आवडायची नाही.

लिहूनही पाठवत नाही. चव लिहून कळत असती तर खानावळी कशाला निघाल्या असत्या? तुम्ही या.

चिमीने तुमच्या चिरंजीवांना फोन केला. आधी तो नाहीच म्हणाला. प्रवासाचा ताण, जंतू, परदेशातलं खाणं, आणखी काय काय. मग मी फोन हातात घेतला. म्हटलं, "तुझ्या आईने तुझ्या आजीचं ऐकलं, तुझ्या बाबांचं ऐकलं, आता तुझं ऐकते आहे. तिचं कुणी ऐकायचं?" शेवटी म्हणाला, "काकू, डॉक्टरांना विचारतो." विचारलं. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी परत या, एवढीच अट आहे. तिकीट तो काढतोय. जावई विमानतळावर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभे राहतील. मीही असेन, म्हणजे पाटी लागायची नाही.

धाकटी

३ जून

धाकटे,

निघते. विमानात जेवण आलं की आधी मला द्या असं सांगणार आहे. सूनबाईने ते वाक्य तिकडच्या भाषेत मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.

तुझ्यासाठी काय आणू ते सुचलं नाही. मीच येते आहे.

थोरली

८ जुलै

जाऊबाई, नमस्कार.

ऑपरेशन नीट झालं, गाठ सगळी निघाली, असा चिरंजीवांचा फोन आला. चिमी आणि मी दोघी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो आणि मग चहा केला. तोंडाला टाके आहेत म्हणून अजून बोलायचं नाही म्हणे. म्हणजे आता मी काहीही लिहिलं तरी तुम्हाला उलट बोलता येणार नाही. अशी संधी सबंध आयुष्यात पहिल्यांदाच आली आहे.

विमानतळावर तुम्ही म्हणाला होतात, "सगळं लिहून पाठव, पडल्या पडल्या वाचीन. माझ्यापेक्षा तुला जास्त आठवतं." तेव्हा लिहिते.

तुम्ही आलात त्याच संध्याकाळी आपण आगगाडीत बसलो. चिमी म्हणाली, एक दिवस विश्रांती घ्या. तुम्ही म्हणालात, "विश्रांतीला पुढे भरपूर वेळ आहे." दुसऱ्या दिवशी खानावळीत शिरलो तेव्हा दुपार टळली होती आणि गर्दी नव्हती. तुम्ही सवयीने भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बसलात, पिशवी मांडीवर. मी ती ओढून खुर्चीखाली ठेवली. चिमीने मागणी सांगितली आणि ती आणि जावई मुद्दाम बाहेर धक्क्यावर फिरायला गेले.

भांडं आलं. वाढणाऱ्या मुलीने झाकण उचललं, वाफ आली. तुम्ही डोळे मिटलेत. मी पळीने तुम्हाला वाढलं, मला वाढून घेतलं आणि थांबले. थोरलीने सुरू केल्याशिवाय धाकटीने कसं करायचं? आणि तुम्हीही थांबलात! चमचा हातात, नजर दाराकडे. मी म्हटलं, "जाऊबाई, निवतंय." तुम्ही म्हणालात, "हो, हो." तरी थांबलेल्याच. मला कळेना काय झालं ते. मग तुम्ही टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलंत, एकेकीकडे, आणि म्हणालात, "आता कुणाची वाट बघतोय गं आपण? सगळे जेवून उठले." मला हसूही आलं आणि रडूही. माझं सगळं आयुष्य त्या वाक्यात गोळा झालं, पण तोंडातून निघालं एवढंच: "मग खा ना."

तुम्ही पहिला चमचा घेतलात. जिभेवर घोळवलात, जसा घरी घोळवायचात तसा, मान थोडी तिरकी करून. मी श्वास धरून बसले होते.

"अळणी आहे मेलं," तुम्ही म्हणालात.

मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, "तुला ठाऊक होतं!" मी म्हटलं, "लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात का?" मग तुम्हाला जे हसू फुटलं ना, जाऊबाई! खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, रुमाल तोंडाशी. मलाही आवरेना. ती मुलगी धावत आली, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्ही बोटांनी मीठ भुरभुरल्याची खूण केलीत, तिने मिठाची कुपी आणली. चिमूट घातलीत, चाखलंत, आणखी अर्धी चिमूट. माझ्याही वाटीत घातलीत, मला न विचारता. आणि चमचा हातात धरून म्हणालात, "पण गरम आहे." ते दोनदा म्हणालात. भांडं आपण तळापर्यंत संपवलं. मी तिथेच विचारलं, ते बोटाने चाटल्याचं पण खोटंच होतं ना? तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत, आता तर देताच येत नाही.

पुढचे दिवस म्हणजे नुसती मौज. भाषा येत नाही, तर तुम्ही सरळ शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवायचात: हे द्या. मग त्याच्या शेजाऱ्याचं: तेही द्या. एका आजोबांनी तर आपली बशी उचलून तुमच्यापुढे केली. कडू पानं, खारवलेले मासे, काळी कॉफी, त्या खडकावरच्या कोळणीचे भाजलेले मासे, आणि ते काटेरी फळ तुम्ही खाल्लंत आणि वर जावयांना म्हणालात, "नाक कसलं दाबताय, जीभ वापरा." प्रत्येक घासाला तुम्ही क्षणभर थांबायचात. मी बघत होते. तुम्ही एकेक गोष्ट जागेवर ठेवत होतात, घर बंद करून गावाला जाताना ठेवतो तशी.

मग शेवटची संध्याकाळ, चिमीच्या घरी. तुम्ही म्हणालात, "बाहेरचं पुरे झालं. तू मऊ भात कर." माझी पाचावर धारण बसली. तुम्ही कधी माझ्याकडे काही मागून खाल्लं नव्हतं. मी भात लावला आणि तुमच्याजवळ स्टूल घेऊन बसले. विषय कुठून निघाला आठवत नाही. भिंत घातली त्या दिवसाचा निघाला. गवंडी भिंत रचत होता आणि आपण दोघी आपापल्या बाजूला उभ्या. शेवटचा थर लागायच्या आधी तुम्ही वरून हात घातलात आणि माझ्या हातात लोणच्याची वाटी दिलीत. ते बोलत बसलो, दोघीही रडत बसलो, आणि वास आला तेव्हा भात खालून करपला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, टाकते, दुसरा लावते. तुम्ही म्हणालात, "राहू दे. वाढ." आणि खाल्लात. खरवड काढून खाल्लीत. बरं-वाईट काही बोलला नाहीत, हात धुऊन सामान भरायला गेलात.

जाऊबाई, जगातलं एवढं सगळं तुम्हाला खाऊ घातलं आणि चवीचं शेवटचं जेवण म्हणून माझ्या हातचा करपलेला भात तुमच्या वाट्याला आला. याची रुखरुख जात नाही. रोज भात लावते आणि शेगडीपुढून हलत नाही. चिमी चिडवते. तुम्ही बऱ्या झालात की मला हवं तेवढं रागवा.

धाकटी

२० सप्टेंबर

धाकटे,

आज पहिल्यांदा उशीला टेकून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. शेक संपला. बोलता येतं, पण शब्द लोळतात. फोनवर आता तूच "काय? काय?" करशील, तेव्हा पत्रच बरं.

चव गेली. अगदी सगळी. गोड, तिखट, आंबट, सगळं एकच, भिजलेला पुठ्ठा. सूनबाई मिक्सरमधून काढून देते, मी गिळते. पहिले दिवस फार वाईट गेले. एकदा स्वयंपाकघरात जाऊन मी चमचाभर मीठ जिभेवर ठेवलं. काही नाही. तशीच उभी राहिले. सूनबाईने मागून येऊन मला जवळ घेतलं. माझ्याहून लहान, पण मला लहान मुलासारखं थोपटत होती. चांगली आहे पोरगी. तिला मी कधी तसं म्हटलं नाही, काल म्हटलं. ती रडायलाच लागली, म्हणून पुन्हा म्हणणार नाही.

डॉक्टर आले की विचारतात, काही आठवतं का चवीचं? आठवणीने जीभ जागी होते म्हणे कधी कधी. मी डोळे मिटून बघते. ते सूप आठवायला जाते, तर तुझं खाली घातलेलं तोंड आठवतं. मासे आठवायला जाते, तर कोळणीचे हात. फळ, कॉफी, सगळ्याची चित्रं दिसतात, जिभेवर काही येत नाही. एवढा आटापिटा करून जागेवर ठेवलेलं सगळं गेलं.

एक राहिलं आहे. कसं राहिलं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या संध्याकाळचा भात. करपट, थोडा कडसर, आणि आत मऊ. तो मात्र डोळे मिटले की येतो. परवा आला तेव्हा मी जीभ टाळूला लावून किती तरी वेळ तशीच पडून होते, जाऊ नये म्हणून. तू रुखरुख करत बसली आहेस आणि मी त्याच्यावर जगते आहे. आता लगेच नाकाने कांदे सोलायला लागू नकोस.

जन्मभर घरात भात मी लावला आणि एकदाही करपू दिला नाही. शेगडीपुढून हललेच नाही तर करपेल कसा? पण त्यामुळे कधी कुणाजवळ नीट बसणंही झालं नाही, तुझ्याजवळसुद्धा नाही. तू मात्र तो विसरून माझ्याजवळ बसलीस.

डॉक्टर म्हणतात, चव आली तर एकेक करून येईल. आधी गोड येईल की खारट, सांगता येत नाही. तसं कुणी मला विचारलं असतं तर मी करपट मागितलं असतं.

चिरंजीवांनी भिंत पाडायचं काढलं आहे. तुझ्या बाजूचं स्वयंपाकघर झाडून ठेवलं आहे. लेकीकडे फार दिवस झाले, आता ये. येशील तेव्हा भात लाव आणि माझ्याशी बोलत बस.

थोरली